काकांनी अडवलेली जागा

आमच्या ऑफिसातला फ्रिज रोज सकाळी सव्वासहाला एक माणूस पूर्ण रिकामा करायचा. तो चोर नव्हता, सफाईवालाही नव्हता. तो आमचा सगळ्यात सीनियर यार्ड प्लॅनर होता. सगळ्यांचे डबे, दह्याची भांडी, कोणाचा तरी अर्धा खाल्लेला लझान्या, असं सगळं टेबलावर मांडून तो ते परत लावायचा. दहा वाजता खाणाऱ्यांचे डबे पुढे, बाराचे मधे, दुपारच्या शिफ्टचे अगदी मागे. जड डबा खाली, हलका वर. आणि ज्या डब्यावर नाव नाही किंवा ज्याचा मालक दोन दिवसांत फिरकलेला नाही, तो हातात धरून त्या डब्यालाच मराठीत विचारायचा, "हा इथे कोणाच्या परवानगीने बसलाय?" डबा उत्तर द्यायचा नाही. मग डबा बिनमध्ये.

माझ्या चार पुरणपोळ्या अशाच गेल्या. शुक्रवारी ठेवल्या होत्या, मंगळवारी बघते तर नाहीत. मी जाब विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुला सोमवार सकाळपर्यंत मुदत दिली होती."

"कुठे दिली होती?"

"मनात," ते म्हणाले, आणि स्क्रीनकडे वळले. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

यांचं नाव रमाकांत तोरणे. मेलबर्नच्या बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलवर मी नोकरीला लागले तेव्हा ते तिथे आधीच दहा वर्षं होते. आमच्याकडे मॅनेजरपासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. पण साठीला आलेल्या, केसांना नीट तेल लावणाऱ्या, शर्टाच्या खिशात दोन पेनं ठेवणाऱ्या माणसाला 'रमाकांत' म्हणायला माझी जीभ वळेना. मी 'काका' म्हटलं. आठवड्याभरात सगळं टर्मिनल 'काका' म्हणायला लागलं. रोस्टरवर त्यांचं नाव 'काका टी.' असं छापून येऊ लागलं. ग्रीक घरांतून आलेल्या दोन ड्रायव्हरांना त्या शब्दाचं फार हसू यायचं. त्यांच्या भाषेत लहान मुलांच्या 'शी'ला तसं म्हणतात, हे मी काकांना कधी सांगितलं नाही. पुरणपोळ्यांची तेवढी भरपाई मी करून घेतली.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. या देशातून बाहेर जाणारं सगळं, म्हणजे गवताच्या गासड्या, बदाम, गोठवलेलं मांस, दूधपावडर, आपल्याकडे जाणारे हरभरे, हे कंटेनरमधून ट्रकवर चढून आमच्या गेटवर येतं. जहाज यायच्या आधी काही दिवस त्या जहाजाच्या मालासाठी गेट उघडतं. आलेला प्रत्येक बॉक्स यार्डात कुठे ठेवायचा हे आम्ही ठरवतो. जहाज कुठलं, उतरायचं बंदर कुठलं, वजन किती, हे बघून. नीट ठेवला तर जहाज लागल्यावर बॉक्स एकामागून एक चढत जातात. चुकीचा ठेवला तर हवा असलेला बॉक्स तळाला आणि नको असलेले दोन त्याच्या डोक्यावर. मग वरचे काढा, बाजूला ठेवा, खालचा घ्या, वरचे परत ठेवा. काका याला 'उकरणं' म्हणायचे. तो शब्द ते अशा चेहऱ्याने उच्चारायचे की वाटावं कोणीतरी शेजारच्या बागेतली रोपं उपटून नेलीत.

आणि जहाजं वेळेवर येतील तर शपथ. सोमवारी येणारं जहाज गुरुवारी येतं, गुरुवारचं पुढच्या मंगळवारी, आणि शिपिंग कंपनी हे आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी ईमेलवर कळवते, खाली 'काइंड रिगार्ड्स' लिहून. काकांचा खरा संताप इथे होता. एकदा पार आतल्या विमेरा भागातून गवत घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्याला त्यांना परत पाठवावं लागलं, कारण तो निघाल्यानंतर तारीख बदलली होती. नियम म्हणजे नियम, काकांनी त्याला आत घेतलं नाही. पण मग शिपिंग कंपनीला फोन लावून त्यांनी चाळीस मिनिटं त्यांची हजेरी घेतली. "पहाटे तीनला उठून निघालेल्या माणसाला तुमच्यातल्या कोणी विचारलं का?" हे एकच वाक्य त्यांनी इंग्रजीत सहा प्रकारे म्हटलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "यांना घड्याळ नको, यांना कॅलेंडर नको, यांना फक्त आमची जागा हवी. फुकटात बसायला."

जागा अडवणाऱ्यांवर त्यांचा राग सर्वव्यापी होता. दोन गाड्यांची जागा खाणारी उघड्या हौद्याची यूट गाडी, मीटिंगरूममध्ये जॅकेट टाकून खुर्ची धरून ठेवणारे इंजिनियर, लिफ्टच्या दारात उभं राहून गप्पा मारणारे लोक, सगळ्यांना तोच प्रश्न, कोणाच्या परवानगीने? यार्डासाठी तर त्यांनी स्वतः एक नियम लिहून भिंतीवर लावला होता. ज्या बॉक्सला सात दिवसांत जहाज नाही तो बॉक्स गेटच्या बाहेर. अपवाद नाही. 'अपवाद नाही' खाली दोन रेघा.

मध्यंतरी कंपनीने दोन सल्लागार आणले. दोघेही चकाचक, बुटांना यार्डाची धूळ न लागलेले. त्यांनी रंगीत नकाशे दाखवून सांगितलं की तुमच्या यार्डात नेहमी बरीच जागा रिकामी दिसते, ती वाया जाते, त्यांचं सॉफ्टवेअर ती भरून दाखवेल. मॅनेजर क्रेग मान डोलावत होता. काका उठले आणि व्हाइटबोर्डवर सोळा चौकोनांचा तो लहान मुलांचा सरकवायचा खेळ काढला, पंधरा चौकोनांत आकडे, एक रिकामा. मार्कर त्यातल्या एकाच्या हातात देऊन म्हणाले, "तो सोळावाही भरून टाक. आता एकपासून पंधरापर्यंत क्रमाने लावून दाखव." तो हसला. काका हसले नाहीत. ते तसेच उभे राहिले, शेवटी क्रेगनेच चहाची सुट्टी जाहीर केली.

मलाही प्रसाद मिळाला. मिल्ड्युराहून बदाम पाठवणाऱ्या एका बाईंचे कागद अडकले होते, त्या फोनवर रडकुंडीला आल्या, म्हणून मी त्यांचा एक बॉक्स दोन दिवस जास्त राहू दिला. काकांनी सगळ्या टीमसमोर मला उभं केलं. म्हणाले, "मृणाल, दया ही यार्डात ठेवायची वस्तू नाही. तिलाही जागा लागते." डॅरेन, म्हणजे आमचा सगळ्यात जुना स्ट्रॅडल ड्रायव्हर, तो त्या चार पायांच्या उंच गाडीतून बॉक्स उचलून नेतो, त्याला मराठी येत नाही, पण त्यानेही मान खाली घातली. मला इतका राग आला की त्या दुपारी मी गाडीत बसून आईला फोन करून काकांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरचं म्हणाल तर काही माहीत नव्हतं. ते आल्टोना मेडोजला राहायचे, मी पॉइंट कुकला, म्हणजे गाडीने पाव तास. दर वर्षी मी त्यांना मंडळाच्या गणपतीला बोलवायचे, दिवाळीला घरी बोलवायचे. दर वर्षी उत्तर एकच, "नाही जमणार, घरी कामं असतात." बायकोचं नाव सुनंदा, तिला बरं नसतं, एवढंच कळलं होतं. बरोबर अडीचला ते संगणक बंद करून निघायचे, मग जहाज बुडत असलं तरी. आम्ही म्हणायचो, माणूसघाणा आहे. एका वर्षी जुलैत त्यांनी दोन आठवड्यांची रजा घेतली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. परत आले तेव्हा डॅरेनने विचारलं, "गुड हॉलिडे, काका?" काका म्हणाले, "क्वाएट." त्यावर कोणीतरी बालीत मजा मारून आल्याबद्दल विनोद केला आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

त्याच वर्षी डिसेंबरात पॅसिफिकच्या बेटांवर जाणारं एक जहाज वादळात लांबलं आणि त्याने मेलबर्न गाळायचं ठरवलं. सरळ पुढे निघून गेलं. त्याच्यासाठी आलेले सगळे बॉक्स आमच्या यार्डात बसून राहिले, आणि पुढचं जहाज तीन आठवड्यांनी. नाताळाच्या आधीची गर्दी, बाहेर ट्रकांची रांग, आत तिळाएवढी जागा नाही. काका पेटले होते. एकेका पाठवणाऱ्याला फोन करून त्यांनी चार दिवसांत ते सगळे बॉक्स बाहेर काढायला लावले. लोक चिडले, ओरडले, एकाने तर रागाने फोन आपटला. काकांचं उत्तर भिंतीवर होतंच.

पुढच्या बुधवारी काका जेवायला गेले असताना मी त्यांच्या जागी बसले होते. रेडिओवर डॅरेनचा आवाज आला. नवीन माल येतोय, तेव्हा काकांच्या बाळाला आता कुठे झोपवू, असं तो विचारत होता. मला वाटलं काही चेष्टा चाललीय. नंबर विचारला, सिस्टीममध्ये टाकला, आणि बघतच राहिले. टोंगाला जाणारा एक बॉक्स. गेलेल्या जहाजाचा. बारा दिवस झालेला. काकांच्या लॉगिनने हाताने हलवलेला, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, पुन्हा तिसऱ्या. सात दिवसांवरच्या बॉक्सच्या यादीत तो नव्हता, कारण ती यादी काकाच बनवायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बदामवाल्या बाईंचे दोन दिवस यांना खपले नाहीत, आणि स्वतः बारा दिवस बॉक्स लपवून ठेवतात? मी त्या बॉक्सच्या सगळ्या हालचाली छापून काढल्या आणि काका जेवणाच्या खोलीत एकटे बसले होते तिथे जाऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "काका, हा इथे कोणाच्या परवानगीने बसलाय?"

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. खिशातलं पेन काढलं. म्हणाले, "सहा नाही, सात वेळा हलवलाय. मंगळवारची एक नोंद राहिली, ती मी रेडिओवर सांगितली होती." आणि ती नोंद त्यांनी हाताने लिहिली.

मी अजून चिडले. तुम्हीच नियम लिहिलात, तुम्हीच मला सगळ्यांसमोर बोललात, दया यार्डात ठेवायची नाही म्हणालात, असं सगळं भडाभडा बोलून घेतलं. माझं झाल्यावर ते म्हणाले, "नियम बरोबर आहे. मी चुकलोय. उद्या बाहेर काढतो." आणि डब्याला झाकण लावायला लागले. झाकण नीट बसेना. डब्यातला भात तसाच होता.

मी समोर बसले. विचारलं, त्यात आहे काय?

सामान होतं एका नर्सचं. सेला नावाची टोंगाची बाई, इथल्या हॉस्पिटलांनी टाकून दिलेले पलंग, व्हीलचेअर, वॉकर वर्षभर गोळा करायची आणि बॉक्स भरला की आपल्या बेटावरच्या छोट्या दवाखान्याला पाठवायची. मी म्हटलं, चांगलं काम आहे, पण तुमचा काय संबंध? काका म्हणाले, सेला त्यांच्या घरी यायची, आठवड्यातून तीनदा, सुनंदाचं बघायला. शेवटचे आठ महिने.

"शेवटचे म्हणजे?"

"जुलैत गेली ती," काका म्हणाले.

मला बालीचा तो विनोद आठवला. डिसेंबर चालू होता. पाच महिने हा माणूस रोज सव्वासहाला येत होता, आमचे डबे लावत होता, आणि आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मला त्यांचाच राग आला, का सांगितलं नाहीत म्हणून. मग पॉइंट कुकच्या आमच्या अख्ख्या मंडळाचा आला. आणि मग, दर वर्षी एक व्हॉट्सअ‍ॅप पाठवून आपण बोलावलं असं समजणाऱ्या माझाही आला.

काका बोलत राहिले, नेहमीच्याच आवाजात, जहाजाचं वेळापत्रक सांगावं तसे. पुढच्या खोलीत सुनंदाचा पलंग होता, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करायचा, जुन्या पद्धतीचा. जाण्याआधी तिनेच सेलाला सांगून ठेवलं होतं की माझं झालं की हा घेऊन जा. सेलाने नंतर एकदाही विचारलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ऑक्टोबरात काकांनीच फोन केला. पलंग स्वतः सुटा केला, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नंबर लिहिले, आणि तो या बॉक्समध्ये चढवला. "कार्पेटला चार खड्डे पडलेत पायांचे," ते म्हणाले. "व्हॅक्यूम फिरवला तरी वर येत नाहीत."

"आणि सात वेळा का हलवलात?"

"यार्ड भरलं की वर दुसरे चढवावे लागतात. तिच्यावर वजन नको."

कंटेनर पोलादाचा असतो. त्याच्यावर भरलेले आणखी कितीतरी चढवले तरी त्याला काही होत नाही. हे मला ज्यांनी शिकवलं ते माझ्यासमोर बसले होते.

मी म्हटलं की मग क्रेगला विचारायचं, मॅनेजर आहे, त्याने सही केली असती तर प्रश्नच नव्हता. काका म्हणाले, "मागायचं म्हणजे सांगावं लागलं असतं."

त्यांनी मला कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. मी क्रेगकडे गेले, पण फक्त एवढंच म्हटलं की दवाखान्याचं सामान आहे, पुढच्या जहाजापर्यंत राहू द्यायला तुझी सही हवी. सल्लागारांसमोर मान डोलावणारा माणूस, मला त्याच्याकडून फार आशा नव्हती. त्याने नंबर बघितला आणि विचारलं, "काकाचा ना?" त्याला आठवडाभरापासून माहीत होतं. ड्रायव्हरांना तर पहिल्या दिवसापासून. पंधरा वर्षांत या माणसाने कधी काही मागितलं नाही, क्रेग म्हणाला, मी आपला वाट बघत होतो, मागेल म्हणून. सही करून कागद परत देताना त्याने कारण विचारलं नाही. मी क्रेगबद्दल इतकी वर्षं जे बोलत आले त्यातलं थोडं मला तिथेच मनात खोडावं लागलं.

पुढचं जहाज आलं त्या दिवशी काकांची सुट्टी होती. सकाळी आठला ते इस्त्रीचा शर्ट आणि वर पिवळं जॅकेट घालून हजर. जहाजावर कुठला बॉक्स कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या आमच्या लिसाच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी तिला हैराण केलं. डेकवर नको, लाटांचं पाणी उडतं. खाली घे. अगदी तळाला नको. हा गवताचा शेजार नको. लिसाने एरवी दुसऱ्या कोणाला खिडकीतून बाहेर फेकलं असतं. तिने सगळं ऐकलं. डॅरेनने बॉक्स उचलला तो इतका हळू की मागच्या दोन गाड्या खोळंबल्या आणि रेडिओवर कोणी चकार शब्द काढला नाही. क्रेनने तो वर घेतला, जहाजाच्या पोटात उतरवला. काका खिडकीशी उभे होते. जहाज सुटेपर्यंत थांबा, मी म्हटलं. ते नको म्हणाले, रस्त्यात गाडी लावलीय, कोणालातरी अडचण होईल.

त्या रविवारी मी आणि माझा नवरा न कळवता त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, आम्हाला बघून गोंधळले, आणि चहा करायला आत पळाले. पुढच्या खोलीत कार्पेटवरचे ते चार खड्डे होते. आम्ही त्यांना वळसा घालून बसलो.

फेब्रुवारीत एका दुपारी जेवणाच्या खोलीत काकांचा फोन वाजला. सेलाने फोटो पाठवला होता. निळ्या भिंतींची लहानशी खोली, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, आणि तो पलंग. पलंगावर एक जाडजूड म्हातारी बाई, केसांत फूल, कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसतेय. मी काकांच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, किती छान.

"काय छान?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उशी बघ कशी ठेवलीय. मान मोडेल त्या बाईची. काही कळतं का या लोकांना?"

आणि ते मेसेज लिहायला बसले, एका बोटाने, इंग्रजीत. वीस मिनिटं लागली. 'शोल्डर'चं स्पेलिंग मला विचारलं. लिहून झाल्यावर फोन माझ्याकडे दिला, चुका आहेत का बघ म्हणून. हँडलचे अकरा फेरे, बारावा द्यायचा नाही, बाराव्याला मान पुढे ढकलली जाते. उशी आडवी नको, उभी लावा, खांद्याच्या खालपर्यंत. डावीकडचा कठडा थोडा ढिला आहे, तिकडून उठवू नका. पाण्याचा ग्लास उजवीकडे. दुपारी तीननंतर पाय गार पडतात, मोजे घाला.

"ते शेवटचं..." काका म्हणाले. "तिकडे उकडतच असेल ना. ते काढू का?"

मी म्हटलं, राहू द्या.

त्यांनी ते राहू दिलं, आणि मेसेज पाठवला.